वखारीच्या वहीतले ससे

कॅनडातल्या मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातल्या वखारींमध्ये १८२१ साली लिंक्स या रानमांजराची २६९ कातडी जमा झाली. पुढच्या वर्षी ३२१, मग ५८५, मग ८७१. १८२८ साली आकडा ५,९४३ वर पोचला. तिथून तो घसरू लागला. १८३० मध्ये २,५७७, १८३१ मध्ये ५२३ आणि १८३२ मध्ये अवघी ९८. त्यानंतर पुन्हा चढण सुरू झाली. वखारीच्या कारकुनाला यात नवल वाटलं असेल तर ते वहीत कुठे दिसत नाही. त्याचं काम कातडी मोजून जमा धरण्याचं होतं. तीच मालिका पुढे १९३४ पर्यंत जुळवली गेली, तेव्हा दिसलं की दर दहा वर्षांच्या आसपास हा आकडा असाच चढतो आणि असाच कोसळतो.

या वह्या हडसन्स बे कंपनीच्या. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानं १६६८ मध्ये मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरात टाकलं होतं. दोनच वर्षांनी, २ मे १६७० रोजी, त्याच राजानं कॅनडाच्या उत्तरेतला प्रचंड मुलूख या हडसन्स बे कंपनीला सनद लिहून देऊन टाकला. मोबदला काय, तर राजा किंवा त्याचा वारस त्या मुलखात येईल तेव्हा त्याला दोन एल्क आणि दोन काळे बीव्हर द्यायचे. सनद देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही त्या भूमीची नीटशी कल्पना नव्हती, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

धंदा मुख्यतः बीव्हरचा. त्याच्या आखूड, मऊ केसांपासून लंडनमधले टोपीवाले उंची फेल्ट टोप्या बनवायचे. वखारीत चलन म्हणूनही बीव्हरचं कातडंच धरलं जाई. बंदूक, किटली, घोंगडी, तंबाखू, सगळ्याचा भाव ‘इतके बीव्हर’ असा सांगितला जायचा. लिंक्स, मार्टेन, कोल्हा, मस्करॅट ही पुढची खाती. फासे लावणारे, बर्फातून महिनोन्‌महिने फिरणारे आणि वसंतात कातडी घेऊन वखारीवर येणारे लोक क्री, डेने आणि इतर आदिवासी समाजांचे. जीवशास्त्राला मिळालेली एक अतिशय लांब आकडेवारी मुळात त्यांच्या पायपिटीची आहे. पाठ्यपुस्तकांत मात्र ती कंपनीच्या नावावर जमा आहे.

वखारींच्या रोजनिशींत लिंक्सच्या जोडीनं आणखी एक प्राणी सतत डोकावतो. स्नोशू ससा. वजन दीडेक किलो, मागचे पाय बर्फात रुतू नयेत इतके रुंद, थंडीत पांढरा आणि उन्हाळ्यात तपकिरी. त्याच्या कातड्याला फारसा भाव नव्हता, पण तो सगळ्यांचं जेवण होता. लिंक्सचं तर होताच, माणसांचंही होता. ससे मुबलक असत ते साल सुखाचं जाई. ससे नाहीसे झाले की वखारीवर उपासमारीच्या नोंदी सुरू होत.

चार्ल्स एल्टन नावाचा ऑक्सफर्डचा तरुण प्राणिशास्त्रज्ञ १९२३ मध्ये स्पिट्सबर्गेनच्या मोहिमेवरून परतताना नॉर्वेतल्या ट्रॉम्सो इथे थांबला. तिथे त्यानं रॉबर्ट कॉलेट या संशोधकाचं नॉर्वेतल्या सस्तन प्राण्यांवरचं पुस्तक विकत घेतलं. त्यात लेमिंग या उंदरासारख्या प्राण्याच्या झुंडी कोणकोणत्या वर्षी उसळल्या याची यादी होती, आणि त्या वर्षांमधलं अंतर बरंचसं नियमित होतं. मग कॅनडाच्या फर-व्यापाराचे आलेख एल्टनच्या हाती आले. १९२४ मध्ये त्यानं प्राण्यांच्या संख्येतल्या नियतकालिक चढउतारांवर निबंध लिहिला. पुढच्याच वर्षी हडसन्स बे कंपनीनं त्याला सल्लागार नेमलं. कोणत्या साली किती माल येईल याचा अंदाज व्यापाऱ्याला हवाच असतो, त्यामुळे कंपनीचा यातला रस शुद्ध ज्ञानपिपासेचा होता असं समजायचं कारण नाही. एल्टनला मात्र वह्यांचं भांडार उघडं झालं.

वह्या पुरेनात तेव्हा त्याच्या मंडळींनी वखारींच्या व्यवस्थापकांना छापील प्रश्नावल्या धाडल्या. गेल्या वर्षीपेक्षा ससे जास्त दिसतात, कमी दिसतात की तेवढेच? ही विचारपूस १९३१ पासून १९४८ पर्यंत चालली. १९४२ मध्ये एल्टन आणि मेरी निकल्सन यांनी लिंक्सच्या दहा वर्षांच्या चक्रावरचा निबंध प्रसिद्ध केला. मॅकेन्झीची मालिका जगापुढे आली ती त्यातून.

त्याआधीच, १९३७ मध्ये, टोरोंटोच्या मॅकल्युलिक यांनी सशांच्या चढउताराचा अभ्यास छापला होता. अशा आकड्यांमधून तो प्रसिद्ध आलेख जन्माला आला: सशांची रेघ वर जाते, मागोमाग लिंक्सची, सशांची कोसळते, मागोमाग लिंक्सची. भक्ष्य आणि भक्षक यांचं नातं शिकवायचं म्हटलं की जगभर हाच आलेख फळ्यावर येतो. गंमत अशी की तो जरा खोलात तपासला तर काही ठिकाणी लिंक्सची रेघ सशांच्या आधी हलताना दिसते. मायकेल गिल्पिन यांनी १९७३ मध्ये एका निबंधाला शीर्षकच दिलं: ससे लिंक्सना खातात का? वेगवेगळ्या प्रदेशांतले आकडे एकाच कागदावर आणले की असे चमत्कार होतात.

पण आलेखातली खरी अडचण निराळी होती. ससे वाढतात कसे हे समजत होतं. एक मादी एका उन्हाळ्यात तीन-चार वेळा विते. ससे संपतात कसे हेही समजत होतं. लिंक्स, कोयोटी, शिंगाळं घुबड, गॉसहॉक, सगळे त्यांच्यावर टपलेले. ससे घटले की खायला न मिळून भक्षकही मरतात किंवा मुलूख सोडतात. कुरतडलेली विलो आणि बर्च पुन्हा फुटतात. म्हणजे पोट भरायला चारा आहे, मारणारा कमी झाला आहे, आणि प्राणी तर भराभर विणारा. तरीही सशांची संख्या दोन ते चार वर्षं तळालाच पडून राहते. त्याहून चमत्कारिक म्हणजे घसरणीच्या काळात एका मादीमागे वर्षाला होणाऱ्या पिलांची संख्या निम्म्यापर्यंत खाली येते. लॉइड कीथ यांच्या अल्बर्टातल्या दीर्घ अभ्यासात हे स्पष्ट दिसलं होतं. मेलेल्या सशांचा हिशेब लिंक्सच्या नावे टाकता येतो. न जन्मलेल्यांचा कुणाच्या नावे टाकायचा?

उत्तराचा पहिला धागा एका चुकीच्या वाटेवर सापडला. मिनेसोटात १९३० च्या दशकात सशांची संख्या कोसळत असताना संशोधकांच्या सापळ्यांतले ससे आचके देऊन मरू लागले. त्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेलेली असे. ग्रीन आणि लार्सन यांनी १९३८ मध्ये या अवस्थेला ‘शॉक डिसीज’ म्हटलं. ते सापळ्यातल्या धसक्याचं लक्षण होतं की रानातल्या मोकळ्या सशांनाही तसं होत होतं, यावर पुढे बराच वाद झाला. आज बहुतेकांचा कल पहिल्या शक्यतेकडे आहे. मात्र तोपर्यंत माँट्रियलमध्ये हान्स सेली यांचं काम पुढे आलं होतं. थंडी असो, जखम असो की विष, शरीराचा प्रतिसाद एकाच साच्याचा असतो आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी त्यात फुगतात, असं त्यांनी १९३६ मध्ये दाखवलं. ‘स्ट्रेस’ हा आज घरोघरी ऐकू येणारा शब्द त्यांच्याच कामातून रुळला.

जॉन ख्रिश्चन या अमेरिकी संशोधकानं १९५० मध्ये दोन्ही धागे जोडले. गर्दी वाढली की प्राण्यांवर ताण येतो, अधिवृक्क ग्रंथी थकतात आणि संख्या आतूनच ढासळते, असं त्याचं म्हणणं. मेरीलँडमधल्या जेम्स बेटावर सिका हरणं माजली होती. १९५८ च्या सुरुवातीला त्यातली निम्म्याहून जास्त मेली, तेव्हा मेलेल्या हरणांच्या वाढलेल्या ग्रंथी त्याला पुराव्यासारख्या वाटल्या. पण त्याच वर्षीचा त्याचा दुसरा निबंध अधिक महत्त्वाचा ठरला. त्यानं गाभण उंदरीण गर्दीत ठेवली, आणि तिच्या पिलांची वाढ खुंटलेली दिसली. एवढंच नाही, तर त्या पिलांच्या पिलांवरही परिणाम उरला, जरी त्यांनी गर्दी कधी पाहिली नव्हती.

हाच विचार इंग्लंडमध्ये एल्टनचा सहकारी डेनिस चिटी मांडत होता. वेल्समधल्या व्होल नावाच्या रानउंदरांच्या मृत्यूंवर १९५२ मध्ये लिहिताना त्यानं सुचवलं की यंदा मरणाऱ्या पिढीची कमजोरी गेल्या वर्षीच्या आयांच्या हालअपेष्टांमधून आली असावी. पुढे चिटीनं स्वतःच ही कल्पना बाजूला ठेवून आनुवंशिकतेची वाट धरली. विज्ञानात असं पुष्कळदा होतं. बरोबर दार उघडलेला माणूस आत न जाता पुढच्या दाराशी जातो. चिटी नंतर कॅनडात गेला. त्याचा शिष्य चार्ल्स क्रेब्ज.

क्रेब्जनं ठाण मांडलं ते युकॉनमधल्या क्लुआनी सरोवराकाठी. सदर्न टचोनी लोकांचा हा मुलूख, अलास्काच्या सीमेलगत, पांढऱ्या स्प्रूसच्या जंगलाचा. १९८६ ते १९९६ या दहा वर्षांत, म्हणजे सशांच्या एका पूर्ण चक्रात, त्याच्या गटानं तिथे जो प्रयोग केला तसा परिसरशास्त्रात क्वचितच झाला असेल. प्रत्येकी एक चौरस किलोमीटरचे जंगलाचे तुकडे आखले. कुठे सशांना वरून खाणं टाकलं. कुठे विजेचं कुंपण घालून लिंक्स आणि कोयोटी बाहेर ठेवले. एका तुकड्यात दोन्ही केलं. उणे चाळीसच्या थंडीत हे कुंपण चालू ठेवणं म्हणजे काय, ते निबंधाच्या कोरड्या वाक्यांत येत नाही. १९९५ मध्ये निकाल छापून आला. नुसतं कुंपण घातलं तिथे सशांची घनता दुप्पट, नुसतं खाणं दिलं तिथे तिप्पट, आणि दोन्ही केलं तिथे अकरापट.

दोन आणि तीन मिळून अकरा होत नाहीत. अन्न आणि भीती यांचा गुणाकार कुठेतरी सशाच्या शरीरात होत होता. गळ्यात रेडिओ पट्टा बांधलेल्या सशांपैकी जे मेले, त्यांतले दहामागे नऊहून अधिक भक्षकाच्या तोंडीच गेले. उपासमारीनं मेलेला ससा जवळपास सापडत नव्हता. मग जिवंत राहिलेल्यांचं काय होत होतं?

रुडी बूनस्ट्रा यांनी ते रक्तात शोधलं. सशाला पकडायचं, संप्रेरकाची ठरावीक मात्रा टोचायची, आणि त्याची अधिवृक्क ग्रंथी कसा प्रतिसाद देते ते मोजायचं. १९९८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की घसरणीच्या वर्षांतले ससे कायमच्या ताणाखाली होते: ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल वाढलेलं, अंगातली चरबी आणि प्रतिकारशक्तीची चिन्हं उतरलेली. गर्दीमुळे हे होतं म्हणावं तर घसरणीच्या शेवटी गर्दी उरलेलीच नव्हती. मारेकरी मात्र होते. ख्रिश्चनचं अर्धं म्हणणं त्यामुळे निकालात निघालं आणि उरलेलं अर्धं पुन्हा जिवंत झालं.

मग मायकेल शेरिफ या तरुण संशोधकानं साधा प्रश्न विचारला: ससा न मारता फक्त घाबरवला तर? क्लुआनीच्या बंदिस्त जागेत ठेवलेल्या गाभण माद्यांसमोर गर्भारपणाच्या शेवटच्या पंधरवड्यात दिवसाआड एक शिकवलेला कुत्रा आणला जाई. एक-दोन मिनिटं, बस. तो त्यांना शिवतही नसे. रक्तासाठी पुन्हा पकडलं तर तोच एक धसका, म्हणून त्यांच्या लेंड्या गोळा करून त्यातले कॉर्टिसॉलचे अवशेष मोजले. २००९ मध्ये हे छापून आलं. घाबरलेल्या माद्यांच्या लेंड्यांत संप्रेरक जास्त होतं; त्यांची पिलं जिवंत जन्मण्याचं प्रमाण घटलं, आणि जी जन्मली ती वजनानं हलकी, आकारानं लहान. पुढच्या वर्षीच्या निबंधात रानातल्या माद्यांचा हिशेब आला. लिंक्स वाढत गेले तसं आयांचं कॉर्टिसॉल वाढत गेलं, आणि ज्या आईचं जास्त, तिच्या पिलांचंही जास्त. निबंधाच्या शीर्षकात गतकाळच्या भक्षकांच्या भुतांचा उल्लेख आहे, आणि तो पुरता यथार्थ आहे.

हे घडतं कसं याचा बराचसा उलगडा प्रयोगशाळेतल्या इतर प्राण्यांवरून झालेला आहे. गर्भाला आईच्या कॉर्टिसॉलपासून वाचवायला वारेमध्ये एक विकर असतं. आलेलं संप्रेरक ते निष्प्रभ करतं. पण पहारा पूर्ण नसतो. आईच्या रक्तात पातळी सतत चढी राहिली की काही भाग पलीकडे झिरपतो, आणि तो नेमका पिलाचा मेंदू आकार घेत असतानाच. कॉर्टिसॉल किती झालं की थांबायचं, हे ठरवणारी यंत्रणा तेव्हा बसवली जात असते. ती एकदा ढिली बसली की पिलू जन्मभर लवकर दचकतं. मादी पिलू असेल तर पुढच्या वसंतात तीच आई होते, त्याच शरीरासह. रानातला स्नोशू ससा क्वचितच दोन वर्षांपलीकडे जगतो. म्हणजे लिंक्स मुलूख सोडून गेल्यावरही दोन-तीन पिढ्या त्याच्या धाकात जन्माला येऊ शकतात, आणि तळाच्या त्या रेंगाळलेल्या वर्षांचा हिशेब असा लागू शकतो.

लागू शकतो, एवढंच. हे गृहीतक भक्कम आहे, पण सगळा तळ त्यानंच भरतो असं म्हणणं घाईचं होईल. सशांच्या नवजात पिलांचं काय होतं हे मार्क ओडोनाह्यू यांनी क्लुआनीत पाहिलं तेव्हा कळलं की त्यांचे प्रमुख मारेकरी लिंक्स नव्हेत, घुबडंही नव्हेत. तांबड्या आणि जमिनीवरच्या खारी! शंकू आणि बिया खाणारा म्हणून ज्या प्राण्याची ओळख, तो सशाचं पिलू मारतो. चक्राच्या कुठल्याही सरळ कथेला असा एखादा साक्षीदार आडवा येतोच.

आणि क्लुआनीतल्या याच तांबड्या खारीनं पुढे आणखी मोठा खोडा घातला. स्टॅन बूटिन यांच्या गटानं १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून इथल्या खारी एकेक करून ओळखीच्या केल्या आहेत. प्रत्येक खारीचा स्वतःचा इलाखा असतो, मधोमध स्प्रूसच्या शंकूंचं कोठार, आणि कुणी जवळ आलं की कर्कश किरकिर करून ती हद्द सांगते. शंकूंचं पीक चांगलं आलं की पुढच्या वर्षी खारी वाढतात आणि रिकामे इलाखे उरत नाहीत. अशा वर्षी भराभर वाढलेलं पिलूच हिवाळ्याआधी जागा पटकावतं, बाकीची मरतात.

बेन डँट्झर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये छापलेला प्रयोग या गोष्टीला भिडतो. त्यांनी जंगलात ध्वनिवर्धक लावून शेजारणींची किरकिर वाजवली. खारी होत्या तितक्याच, चारा होता तितकाच, पण गाभण माद्यांना वाटलं की गर्दी झाली आहे. त्यांचं कॉर्टिसॉल वाढलं, आणि पिलं झपाट्यानं वाढली. मग शंकेला जागा नको म्हणून दुसऱ्या काही माद्यांना शेंगदाण्याच्या लोण्यात कालवून थेट कॉर्टिसॉलच खाऊ घातलं. त्यांची पिलं इतरांपेक्षा ४१ टक्के वेगानं वाढली.

जंगल तेच, संप्रेरक तेच, आणि उत्तर जवळजवळ उलटं. सशीच्या भीतीनं पिलू खुरटतं, खारीच्या भीतीनं ते बळावतं. ‘आईचा ताण पिलाला वाईट’ हे माणसांच्या दवाखान्यातून उचललेलं सूत्र इथे मोडून पडतं. खारीच्या बाबतीत संदेश उपयोगी आहे: बाहेर जागा नाही, लवकर मोठा हो. सशीच्या बाबतीत तो संदेश आहे की नुसती इजा, यावर संशोधकांत एकमत नाही. दचकरं पिलू लिंक्सपासून जास्त वेळा निसटत असेल तर हलक्या वजनाचा तोटा वसूल होतो, असा एक पक्ष. दुसरा पक्ष म्हणतो की शिकारी येतच राहिले तर शरीर झिजणारच, प्रत्येक झिजेत शहाणपण शोधायचं कारण नाही. पुरावा पाहता सशीपुरता दुसरा पक्ष जड वाटतो. पिलं मेलेली जन्मण्यात कसला फायदा ते दाखवायला पहिल्या पक्षाला अजून जमलेलं नाही.

ही चर्चा पक्ष्यांमध्येही पोचलेली आहे. ह्यूबर्ट श्वाबल यांनी १९९३ मध्ये कॅनरी पक्ष्याच्या अंड्यातल्या बलकात आईनं घातलेलं टेस्टोस्टेरॉन मोजलं, आणि एकाच विणीत मागाहून घातलेल्या अंड्यांमध्ये ते अधिकाधिक सापडलं. शेवटच्या, उशिरा फुटणाऱ्या अंड्यातलं पिलू थोरल्या भावंडांपुढे टिकावं म्हणून ही शिदोरी, असा त्याचा अर्थ लावला जातो. वारेतून झिरपणारं संप्रेरक आईला पुरतं आवरता येत नाही. अंड्यात मात्र ती ते जणू मोजून भरते.

खारींवरच्या कामात मग उलट बाजूची शंका आली. पिलं इतकी वेगानं वाढवता येतात तर प्रत्येक आई प्रत्येक वर्षी तसं का करत नाही? कुठेतरी किंमत मोजावी लागत असणार. डँट्झर यांच्या गटानं कॉर्टिसॉल खाल्लेल्या माद्यांच्या पिलांमध्ये पेशींची झीज तपासली, गुणसूत्रांच्या टोकांवरच्या टोपणांची, म्हणजे टेलोमेरची, लांबी मोजली. २०२० मध्ये निकाल आला: झीज वाढलेली नव्हती, टोपणंही आखूड झालेली नव्हती. किंमत पिलू भरत नसेल तर आई भरत असेल का, आणि भरत असेल तर कशात, याचा शोध त्याच स्प्रूसच्या जंगलात चालू आहे.